लेक पॉझिटिव्ह, बाबा निगेटिव्ह. मग खोकतंय कोण?

पत्राचा गोषवारा

पत्र भांडुपमधल्या एका ताईंचं आहे. घर वन रूम किचन, राहणारे चौघं: त्या स्वतः, ५६ वर्षांचे यजमान, २४ वर्षांची धाकटी लेक आणि सासूबाई. यजमानांना बरीच वर्षं मधुमेह आहे. गेले पाच आठवडे त्यांना खोकला आहे, संध्याकाळी कणकण वाटते, पँट कमरेत सैल झाली आहे. फॅमिली डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिक दिलं. तेवढ्यापुरतं बरं वाटलं. मग त्यांनी ‘टीबी गोल्ड’ ही रक्ताची टेस्ट करायला सांगितलं. लॅबचा माणूस घरी येणारच होता, म्हणून लेकीचंही रक्त दिलं. यजमान निगेटिव्ह आले, लेक पॉझिटिव्ह. लेकीला खोकला नाही, ताप नाही, रोज लोकलने कामावर जाते. तिचं लग्न मार्गशीर्षात ठरलं आहे. डॉक्टरांनी तिला सहा महिन्यांचा एकेटीचा, म्हणजे टीबीच्या आजारावरच्या औषधांचा, कोर्स लिहून दिला आहे, आणि जाऊबाईंच्या सांगण्यावरून तिचं ताट-पेलाही वेगळा केला आहे. ताई विचारतात: कोर्स सुरू करायचा का? दुसऱ्या लॅबमधून टेस्ट पुन्हा करावी का? सासरच्यांना सांगायचं की लग्नच पुढे ढकलायचं? आणि शेवटी एक ओळ: मोठ्या लेकीचा तीन वर्षांचा मुलगा शनिवार-रविवार राहायला येतो, मावशी त्याला सारखी कडेवर घेते, त्याला येऊ द्यावं का? दोन्ही रिपोर्टचे फोटो पत्राला जोडले आहेत.

उत्तर

ताई, तुमचे तीन प्रश्न लेकीबद्दल आहेत, एक नातवाबद्दल. यजमानांबद्दल एकही नाही. रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ छापून आलं आणि त्यांचा खोकला काळजीच्या यादीतून बाहेर पडला. मला मात्र आधी तिथेच यायचं आहे. पाच आठवड्यांचा खोकला, संध्याकाळची कणकण, उतरलेलं वजन आणि जोडीला मधुमेह असूनही त्यांचा बेडका अजून कुणी तपासलेला नाही. तुमच्या घरात आज टीबीचा आजार असण्याची शक्यता सर्वांत जास्त कुणाला असेल, तर ती त्यांनाच.

ही टेस्ट काय मोजते ते एकदा समजलं की बाकीचा गुंता निम्मा सुटतो. टीबी गोल्ड रक्तात जंतू शोधत नाही. टीबीच्या जंतूची ईसॅट-६ आणि सीएफपी-१० नावाची दोन प्रथिनं आहेत. त्यांचे तुकडे नळीत असतात आणि त्यात तुमचं रक्त घातलं जातं. या प्रथिनांशी आधी गाठ पडलेली असेल तर रक्तातल्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, त्यांना ओळखतात आणि इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात. ते किती सुटलं, तेवढंच लॅब मोजते. बीसीजीच्या लशीत ही दोन प्रथिनं नसतात, म्हणून लहानपणी दंडावर टोचलेल्या लशीमुळे ही टेस्ट पॉझिटिव्ह येत नाही. मॅन्टू या जुन्या त्वचेच्या टेस्टपेक्षा ती सरस ठरते ती इथे.

पण सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनची वही आठवा. वहीत नाव सापडलं म्हणजे माणूस कधीतरी आत आला, इतकंच कळतं. आत्ता तो इमारतीत आहे का, कुठल्या मजल्यावर काय उद्योग करतोय, हे वही सांगत नाही. आणि वॉचमनचा डोळा लागला असेल तर नोंदच नसते. पॉझिटिव्ह रिपोर्ट शरीरात निजलेला संसर्ग आणि फुफ्फुस पोखरणारा आजार यांत फरक करू शकत नाही, आणि निगेटिव्ह रिपोर्ट आजार नसल्याची हमी देऊ शकत नाही. आपल्यासारख्या देशांत या टेस्टवरून फुफ्फुसांच्या चालू टीबीचं निदान करू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच सांगून ठेवलं आहे. टीबीसाठीच्या रक्तातल्या अँटिबॉडी टेस्टवर तर आपल्याकडे २०१२ पासून बंदीच आहे. टीबी गोल्ड त्यातली नाही. ती कायदेशीर आहे, चांगलीही आहे. फक्त तुमच्या डॉक्टरांनी तिला विचारलेला प्रश्न तिच्या आवाक्याबाहेरचा आहे.

आता यजमानांचा रिपोर्ट समोर घ्या आणि ‘निगेटिव्ह’ या शब्दाखालचे आकडे बघा. रक्त चार नळ्यांत घेतलं होतं, प्रत्येकीत १ मिली. करड्या झाकणाची ‘निल’, हिरवी ‘टीबी १’, पिवळी ‘टीबी २’ आणि जांभळी ‘मायटोजेन’. निल नळीत काहीच नसतं. पेशी नुसत्या बसल्या बसल्या किती रसायन सोडतात ते तिच्यावरून कळतं आणि ते बाकीच्यांतून वजा करतात. टीबीच्या दोनपैकी एका नळीत वजाबाकी ०.३५ किंवा जास्त आली, आणि ती निलच्या पाव पटीहून कमी नसेल, तर रिपोर्ट पॉझिटिव्ह. मायटोजेन नळीत मात्र असा पदार्थ असतो की कुठलीही धडधाकट टी पेशी त्याला पाहून पेटून उठते. ती नळी पेशींची परीक्षा घेते. तिचा आकडा निल वजा जाता ०.५ च्या खाली आला, तर रिपोर्ट ‘इंडिटरमिनेट’ म्हणजे निर्णय देता येत नाही असा निघतो.

यजमानांचे टीबीचे आकडे ०.११ आणि ०.१४ आहेत. मायटोजेनचा आहे ०.६२. धडधाकट माणसाचा हा आकडा बहुतेक वेळा १० च्या वर जातो. तुमच्या लेकीच्या रिपोर्टवर ‘१० पेक्षा जास्त’ असंच छापलेलं आहे. म्हणजे यजमानांचा रिपोर्ट नियमात कसाबसा बसला. मायटोजेन आणखी जरा खाली असता तर त्यावर ‘निगेटिव्ह’ हा शब्द उमटलाच नसता. ज्या पेशी मायटोजेनलाच इतक्या थंडपणे उत्तर देतात, त्या टीबीच्या प्रथिनांना गप्प राहिल्या यात नवल नाही.

अशा थंडपणाची कारणं अनेक असतात. खुद्द टीबीच्या आजारात टी पेशी रक्तातून फुफ्फुसाकडे धावतात, रक्तात कमी उरतात. वाढलेली साखर, कुपोषण, स्टेरॉइड, एचआयव्ही यांनी पेशी मंदावतात. बेडक्यात जंतू सापडून निदान पक्कं झालेल्या शंभर रुग्णांची टीबी गोल्ड केली तर साधारण पंधरा-वीस जण निगेटिव्ह येतात, ते यामुळेच. काही वेळा दोष नळीचाच असतो. रक्त भरल्यावर प्रत्येक नळी दहा वेळा हलवायची असते, आतली सगळी भिंत रक्ताने ओली होईल इतपत, कारण प्रथिनं भिंतीवरच सुकवलेली असतात. नळीत रक्त खुणेपेक्षा कमी-जास्त झालं तर हिशोब बिघडतो. ही चार नळ्यांतली रक्तं बर्फाच्या पेटीत टाकायची नसतात, आणि १६ तासांच्या आत ती ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये जायला हवीत. तिथे ती १६ ते २४ तास राहतात. घरून रक्त घेणारा मुलगा दिवसभर दहा घरं फिरून संध्याकाळी बॅग लॅबला पोचवत असेल, तर यातली एखादी पायरी निसटायला वेळ लागत नाही. पुढे कधी ही टेस्ट करायचीच झाली तर लॅबमध्ये जाऊन, सकाळी, रक्त द्या.

यजमानांची ही टेस्ट मात्र पुन्हा करू नका. दुसऱ्या वेळी पॉझिटिव्ह आली तरी हाती काही लागणार नाही. त्यांना दोनच गोष्टी हव्या आहेत, छातीचा एक्सरे आणि बेडक्याची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट. या तपासण्या जंतूचा डीएनए शोधतात, काही तासांत उत्तर देतात, आणि त्यात रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही हेही कळतं. मुंबईत औषधांना न जुमानणाऱ्या टीबीचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळे हे दुसरं उत्तर पहिल्याइतकंच मोलाचं. तुमच्या जवळच्या पालिकेच्या दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात जा. बेडक्याची तपासणी तिथून मोफत होते. कुठे जायचं कळत नसेल तर १८००-११-६६६६ हा टीबीचा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे.

बेडका कसा द्यायचा हे कुणी नीट सांगत नाही आणि बरेच नमुने तिथेच वाया जातात. सकाळी उठल्या उठल्या, काही खायच्या आधी, साध्या पाण्याने चूळ भरायची. डबी घेऊन उघड्या हवेत जायचं, गच्चीवर किंवा खिडकीशी. बाथरूममध्ये किंवा बंद खोलीत कधीच नाही. दोनदा खोल श्वास घेऊन सोडायचा, तिसऱ्यांदा श्वास क्षणभर धरायचा आणि पोटातून जोर लावून खोकायचं. डबीत जे पडेल ते घट्ट, पिवळसर, चिकट दिसायला हवं. पातळ, फेसाळ, पांढरं असेल तर ती लाळ. ती देऊन तपासणी निगेटिव्ह आली तर तिचा उपयोग शून्य. साधारण २ ते ५ मिली लागतो. झाकण घट्ट लावून त्याच दिवशी पोचवायचं. दोन नमुने द्या, एक पहाटेचा आणि एक तिथे गेल्यावरचा. बेडका येतच नसेल तर दवाखान्यात खारट पाण्याची वाफ देऊन काढता येतो.

एक्सरे सोडू नका. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के केवळ एक्सरेमुळे सापडले. लक्षणं विचारून ते निसटले असते. मधुमेह असलेल्यांत डाग फुफ्फुसाच्या वरच्या भागाऐवजी खालीही दिसतो आणि न्यूमोनिया म्हणून सोडून दिला जातो. एक्सरेवर डाग आहे पण सीबीनॅट निगेटिव्ह, असं झालं तरी प्रकरण मिटत नाही. जंतू फार कमी असतील तर तीही चुकते. मग कल्चर लावतात, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून बघतात, त्याला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात. गरज पडली तर दुर्बिणीतून फुफ्फुसातलं पाणी घेतात. यासाठी छातीच्या डॉक्टरांकडेच जायला हवं.

अजून एक काम आजच करा. आधी दिलेल्या दोन अँटिबायोटिकच्या पट्ट्या शोधा आणि नाव वाचा. त्यात लिव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन असेल तर ‘तेवढ्यापुरतं बरं वाटलं’ याचं कारण सापडलंच म्हणा. ही औषधं टीबीच्या जंतूलाही थोडी मारतात, ताप उतरतो, निदान लांबतं, आणि उरलेले जंतू औषधाला सरावतात. पट्टी बरोबर घेऊन जा. बेडक्याचा निकाल येईपर्यंत खोकल्यासाठी यातलं काही पुन्हा देऊ नका, स्टेरॉइडही नाही.

निकाल येईपर्यंत घरात काय? लेकीचं ताट आणि पेला आजच परत मांडणीत ठेवा. टीबी ताटा-वाटीतून पसरत नाही, तो खोकणाऱ्याच्या श्वासातून हवेत जातो. आणि निजलेला संसर्ग असलेल्या माणसाकडून तो कुणालाच होत नाही. सांभाळायचं आहे ते यजमानांकडून: घरात मास्क, खोकताना रुमाल, झोपायला खिडकीजवळची जागा, आणि खिडकी उघडी. एकाच बाजूला खिडकी असेल तर दिवसा दारही उघडं ठेवा, म्हणजे हवा आरपार जाईल; टेबलफॅनचं तोंड खिडकीकडे करा. सासूबाईंना त्यांच्या शेजारी झोपवू नका.

बेडका पॉझिटिव्ह आला तर औषधं सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात. नोंद ‘निक्षय’ या सरकारी पोर्टलवर होते. खासगी डॉक्टरांनाही ती २०१२ पासून बंधनकारक आहे, तेव्हा नोंदीला घाबरू नका. तिच्यामुळेच पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. मधुमेहाच्या डॉक्टरांना मात्र लगेच सांगा. रिफाम्पिसिनमुळे साखरेच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो आणि साखर वर जाते.

आता लेक. तिचे आकडे १.८४ आणि २.१० आहेत, सीमारेषेपासून चांगलेच दूर. ०.३५ च्या आसपास म्हणजे ०.२ ते १ च्या दरम्यान आकडा असता तर पुन्हा करून बघा म्हटलं असतं, कारण तिथे आज ०.४० आलेला माणूस पुढच्या आठवड्यात ०.२८ येऊ शकतो. हिच्यासाठी दुसऱ्या लॅबचे पैसे वाचवा. तिला संसर्ग झालेला आहे असं धरून चला, आणि त्यात विशेष काही नाही हेही धरून चला: मघाच्याच राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरच्या साधारण ३१ टक्के लोकांत हा संसर्ग आढळला. तिच्या लोकलच्या डब्यातल्या दर तिघींतली एक पॉझिटिव्ह निघेल. अशा लोकांपैकी ५ ते १० टक्क्यांना आयुष्यात कधीतरी आजार होतो, आणि त्यातला बराचसा संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत. लेकीला संसर्ग नुकता, घरातच झालेला असेल तर हाच काळ तिच्यासाठी महत्त्वाचा.

चार औषधांचं एकेटी तिने आत्ता सुरू करू नये. ते आजारावरचं औषध आहे. तिला आजार आहे असं दाखवणारी एकही गोष्ट तुमच्या पत्रात नाही. आधी तिचाही एक्सरे काढा आणि चार प्रश्न विचारा: खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम. सगळ्याला ‘नाही’ आणि एक्सरे स्वच्छ, तर तिला गरज असेल ती प्रतिबंधक उपचाराची. तो हलका असतो. एक पर्याय रोज आयसोनियाझिड, सहा महिने. दुसरा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन, आठवड्यातून एकदा, १२ आठवडे, म्हणजे एकूण १२ डोस. मोठ्या माणसाला दोन्ही ९००-९०० मिलिग्रॅम. पण यजमानांच्या बेडक्यात जंतू सापडला तर तो कुठल्या औषधाला दाद देतो हे कळेपर्यंत थांबा, कारण लेकीतला जंतू तोच असणार. त्याला आयसोनियाझिड किंवा रिफाम्पिसिन चालत नसेल तर लेकीचं औषधही बदलतं. ही काही दिवसांची वाट आहे, तिने बिघडत काही नाही.

लग्न जवळ आहे म्हणून दोन गोष्टी. रिफापेंटिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्या भरवशाच्या राहत नाहीत, दुसरं साधन लागतं. आणि गरोदरपणात ते देत नाहीत. आठवड्यातून एकदा घ्यायचा १२ डोसचा कोर्स आत्ताच घेतला तर मुहूर्ताच्या आधी संपूही शकतो, डॉक्टरांना तारीख सांगून विचारा. दरम्यान डोळे पिवळे झाले, सतत मळमळ राहिली, हातापायाला मुंग्या आल्या तर गोळ्या थांबवून दाखवायचं. लघवी नारिंगी झाली तर घाबरायचं नाही, ते औषधाचं लक्षण आहे. लग्न ढकलण्याचं मला कारण दिसत नाही. सासरी सांगायचं का, हे लेकीने ठरवावं; तिला आजार नाही, तेव्हा तो लपवल्याचा प्रश्नच येत नाही. माझं मत विचाराल तर होणाऱ्या नवऱ्याला तिने स्वतः सांगावं. पुढे कुठल्याही तपासणीत ही टेस्ट पॉझिटिव्हच येत राहू शकते, पूर्ण उपचारानंतरसुद्धा. तेव्हा ‘गेला का बघूया’ म्हणून ती पुन्हा करायची नसते.

अशीच पत्रं येत असतात, म्हणून इतरांसाठी थोडं. मूल होत नाही म्हणून केलेल्या तपासण्यांत टीबी गोल्ड पॉझिटिव्ह आली आणि तेवढ्यावर एकेटी लिहून दिलं, तर गोळी घेण्याआधी विचारा की गर्भाशयाच्या अस्तरात जंतू किंवा त्याची खूण सापडली आहे का. मानेला गाठ असेल तर सुई गाठीत जायला हवी आणि तो नमुना सीबीनॅटला. उलट, संधिवातासाठी किंवा आतड्याच्या आजारासाठी बायोलॉजिक इंजेक्शन सुरू व्हायचं असेल, तर तिथे ही टेस्ट अगदी योग्य आहे, टाळू नका. निजलेला टीबी त्या इंजेक्शनांनी जागा होतो. तुमचा आणि सासूबाईंचा संसर्ग तपासायचा झाला तर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘साय-टीबी’ या त्वचेच्या टेस्टबद्दल आरोग्य केंद्रात विचारा. तिच्यात तीच दोन प्रथिनं असतात, ४८ ते ७२ तासांनी वाचतात, ५ मिलिमीटर किंवा मोठी कडक गाठ म्हणजे पॉझिटिव्ह.

राहिला नातू. मावशीने त्याला खुशाल कडेवर घ्यावं. आजोबांचा निकाल येईपर्यंत मात्र त्याला तुमच्याकडे राहायला आणू नका. मावशीलाच तिकडे पाठवा. बेडका पॉझिटिव्ह आला तर आधी त्याची सोय करा, बाकी सगळं मागून. पाच वर्षांखालच्या मुलात संसर्गाचा आजार पटकन होतो आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतो. बीसीजी त्या भयंकर प्रकारांपासून बरंच वाचवते, संसर्गापासून नाही. या वयात टीबी गोल्डची वाट बघत बसायचं नसतं. बालरोगतज्ज्ञ तपासून आजार नाही याची खात्री करतात, वजन वाढायचं थांबलंय का, मूल मलूल आहे का, दोन आठवड्यांवर ताप किंवा खोकला आहे का हे विचारतात, आणि प्रतिबंधक औषध लगेच सुरू करतात. नेहमीच्या टीबीसाठी ते आयसोनियाझिड असतं, किलोमागे साधारण १० मिलिग्रॅम रोज, सहा महिने. मोठ्या लेकीला सांगा, जाताना मुलाचं लशींचं कार्ड, त्या दिवशी केलेलं वजन आणि आजोबांच्या बेडक्याचा रिपोर्ट बरोबर न्यायचा. डोस वजनावर ठरतो आणि औषध कुठलं ते त्या रिपोर्टवर.